विसरलात तुम्ही

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या बायकोचा आणि तिच्या नणंदेचा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. त्यामुळे तो दुकानात असताना आजारी नणंदेचा घरी फोन आला, "त्याला एकदा येऊन जा म्हणावं," तेव्हा ही "हो, सांगते" म्हणाली आणि मुद्दाम गप्प बसली. जाऊ देत दोन दिवस, एवढी कसली घाई! तिसऱ्या दिवशी नणंद गेली. नवरा डोकं धरून बसला. "एवढी आजारी होती, मला कुणी कळवलं कसं नाही?" हिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, मी सांगितलं होतं की. विसरलात तुम्ही."

त्याला फिटचा आजार, फिट येऊन गेली की आगचं-मागचं आठवायचं नाही, त्यामुळे खोटं बिनबोभाट खपलं. पण भल्या माणसाने ते मनाला लावून घेतलं. गोळ्यांनी फिट आवरत नव्हत्या, म्हणून डॉक्टर तीन वर्षं सांगत होते, की छातीत एक छोटं यंत्र बसवू, ते मानेतल्या नसेला थोड्या थोड्या वेळाने करंट देतं. ऑपरेशनच्या नुसत्या नावाने घाम फुटणारा हा गडी आता आपण होऊन सही करून आला. "हे फिटसाठी आहे, स्मरणशक्तीची हमी नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. याच्या डोक्यात मात्र एकच, पुन्हा असं विसरायला नको.

आज वर्षानंतरची तपासणी होती. फिट निम्म्यावर आल्या होत्या. चाचणी घेणाऱ्या बाईंनी त्याला पंधरा शब्द वाचून दाखवले, मध्ये इकडचं तिकडचं विचारलं आणि अर्ध्या तासाने ते शब्द परत म्हणायला लावले. त्याने तेरा सांगितले. बाईंनी जुना कागद काढला.

"ऑपरेशनच्या आधीही तेराच होते. यंत्राने काही बिघडवलेलं नाही. आणि सुधारायला होतं तरी काय? तुमची स्मरणशक्ती आधीपासूनच चांगली आहे."

शेजारच्या खुर्चीत बायको बसली होती.

"असं कसं?" तो म्हणाला. करंट सुरू झाला की त्याचा आवाज घोगरा व्हायचा, तसा आत्ता झाला होता. "बहिणीचा शेवटचा निरोप विसरलो मी. हिने सांगितला होता. तुमच्या कागदात चूक असेल बाई, ही खोटं नाही बोलायची. डॉक्टरांना सांगून करंट वाढवता येईल का?"

बाई हिच्याकडे बघायला लागल्या. लाजेने मेल्याहून मेलं होणं म्हणजे काय, ते तिला त्या खुर्चीत कळलं. अजूनही गप्प राहता आलं असतं. पण हा भोळा सांब तिच्या खोट्यापायी आणखी करंट सोसायला निघाला होता.

"मी सांगितलंच नव्हतं," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "तुम्ही काही विसरला नाहीत. मी मुद्दाम सांगितलं नाही."

तो चिडेल, वाट्टेल ते बोलेल, अशी तिने मनाची तयारी केली. तो कितीतरी वेळ बोटांवरचा वाळलेला सरस खरवडत राहिला.

"म्हणजे ताईला वाटलं असेल," तो म्हणाला, "निरोप मिळूनही मी गेलो नाही."