आखूड पायाची किसणी

मित्रांनो, मी कसाव्याचे कंद किसणारे एक जुने यंत्र आहे, आणि माझा एक पाय दोन बोटे आखूड आहे. त्याच्याखाली कायम एक वीट असते.

होहोए गावच्या कोमलावी मिस्त्रींनी मोडक्या गाडीच्या लोखंडातून मला घडवले. पत्र्याला खिळ्याने भोके पाडून तो लाकडी रुळावर गुंडाळला, की झाले माझे दात! आक्पेनेबाईंनी मला आपल्या छपरात आणून बसवले. त्याआधी पोतेभर कसावा हाताने किसायला दोन दिवस लागत आणि बोटांची सालटी निघत. मी तेच काम तासाभरात करू लागले. मग गारी, म्हणजे कसाव्याच्या किसाचा भाजलेला रवा, करायला डोंगराच्या दोन्ही अंगांच्या बायका टोपल्या घेऊन येऊ लागल्या. मध्ये देशाची हद्द होती खरी, पण बोली एकच, गारीही एकच.

एके दिवशी हद्दीपलीकडचा कोजोवी लोहार आला. हातात माप घ्यायची गाठींची दोरी.

"बाई, जरा उघडून बघू द्या. आमच्या बायकांचे हात रक्ताळलेत हो."

"बघ की! मग उद्या माझ्या छपरात कोंबड्याच येतील. त्यांना किसू?"

बिचारा ओशाळून निघून गेला. पण बाईंची भीती खोटी नव्हती. नवरा गेलेला, घर माझ्यावर चाललेले.

रविवारी शेजारच्या प्रार्थनाघरात उपदेशक गाऊन प्रवचन करीत होते. "उपसली नाही ती विहीर?" त्यांनी सूर धरला. साऱ्या बाया टाळ्यांवर उत्तरल्या, "नासली गं बाई, नासली!" काय तो गोडवा! माझे लोखंडसुद्धा विरघळले, मग बाईंचे काळीज किती टिकणार?

सोमवारी कोजोवीला निरोप गेला, "ये रे चोरा, दोरी घेऊन ये. पण बोथट दातांचं केलंस तर कान उपटीन."

कोजोवी मापे घेऊन गेला, पलीकडे त्यांची स्वतःची यंत्रे फिरू लागली, आणि पुढचे चार बाजार मी रिकामी होते. बाई खरोखरच कोंबड्या हाकलत बसल्या. पण पलीकडची भरपूर गारी आमच्या बाजारात येऊ लागली, तसे लोमे शहराचे ट्रक इकडे वळले. दहा पोत्यांसाठी आधी कोण येणार होते? ट्रक आले म्हणून इकडेही लोकांनी दुप्पट कसावा लावला, आणि माझ्यापुढे पुन्हा टोपल्यांची रांग लागली.

तेवढ्यात कसाव्याच्या आंबट रसाने माझा पत्रा गंजला. गारी काळपट पडू लागली, गिऱ्हाईक नाक मुरडू लागले. बाईंच्या तोंडचा घास जायची वेळ आली. तेव्हा कोजोवी न गंजणारा पत्रा घेऊन धावत आला. दुधाच्या जुन्या टाकीचा पत्रा कापून वापरायची युक्ती त्याच्या गावात निघाली होती. मिस्त्रींनी तो बसवला आणि तेही ती युक्ती शिकले.

जाताना कोजोवीने हळूच विचारले, "मिस्त्री, त्या आखूड पायातलं गुपित काय? आम्ही एकोणीस यंत्रं केली. सगळ्यांचा एक पाय आखूड ठेवला, खाली वीटही दिली."

"गुपित कसलं रे गाढवा! सळई संपली होती माझी!"

बाई हसता हसता जमिनीवरच बसल्या.

मित्रांनो, आता मी थकले आहे. काम झाले की माझ्यावरचा आंबट रस धुऊन काढा, वेळेवर तेल घाला. आणि कोणी दोरी घेऊन दारी आले, तर त्याला परत पाठवू नका. बाजाराच्या आदल्या दिवशी डोंगरापलीकडून घरघर ऐकू येते. माझी एकोणीस लेकरे तिकडे एकेका विटेवर पाय टेकून राबत असतात. ती घरघर ऐकली की मला वाटते, उपदेशकांनी सूर धरला आहे, आणि सारा डोंगर त्याला उत्तर देतो आहे.