मनकर्णाबाईची बाज

मी बाज बोलतेय. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून सांडूचं घर आहे. त्याच्या मागच्या अंगणात मी पडून असते. माझं बोलणं सावकाश असतं, तेवढं सांभाळून घ्या.

पोलिस ॲक्शन होऊन दोन-तीन पावसाळे झाले होते, तेव्हाचा माझा जन्म. खूर बाभळीचे, विणकाम अंबाडीच्या दोराचं. विणणारा चांदपाशा दारोदार फिरायचा. मला विणून झाल्यावर त्यानं पायथ्याचा दोर खेचून बघितला, वर थाप मारली आणि दारात उभ्या नव्या नवरीला म्हणाला, "भाभी, बाज ढिल्ली पडी तो मेरेकू बोलना. बहू ढिल्ली पडी तो सास हैच!"

आतून सासू हसली. नवरी पदराआड हसली. ती मनकर्णाबाई.

मी तिच्यासाठी आले म्हणतात, पण ती माझ्यावर निजली किती? बाळंतपणात, तेवढीच. सासऱ्याला दमा, म्हणून सासरा माझ्यावर. नवरा रानातून थकून आला की तो माझ्यावर. लेकाला, सांडूला, गोवर निघाला तेव्हा सांडू माझ्यावर, आणि ही खाली भुईला बसून कडुलिंबाचा डहाळा हलवत राहिलेली. कुणी म्हणालं, "टेक की घडीभर," तर म्हणायची, "टेकले तर झोप लागंल."

माणसाची एक सवय मी बघितलीय. काळजीत असला की तो काठावर बसतो, सुखात असला की मधोमध आडवा होतो. मनकर्णाबाई काठावरसुद्धा फारशी बसली नाही.

पुढं सून आली, आशाबाई. तिच्या बाळंतपणात मनकर्णाबाईनं माझ्याखाली शेगडी ठेवली, निखाऱ्यावर ओवा टाकला. शेक माझ्या दोरांतून वर त्या मायलेकींच्या अंगाला लागायचा. आशाबाई म्हणायची, "आत्या, तुमी पडा की जरा."

"मी पडले तर फुंकर कोण मारंल? तुझा नवरा? त्यो इस्तू इझवून जाईल!"

ती जन्मलेली पोर म्हणजे सुरेखा. म्हातारीची पहिली नात.

मनकर्णाबाईचे गुडघे गेले, तेव्हा कुठं ती माझ्यावर आली. सुनेनं हाताला धरून आणली. तिचं वजन लेकरापेक्षा जास्त नव्हतं. कूस बदलताना मी करकरले की म्हणायची, "तुझे बी सांधे गेले का गं?" मला वाटलं, आता शेवटपर्यंत ही माझीच.

पण पौषातली ती दुपार आली. सुरेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचे दिवस भरत आले होते. सांडू वाळूजला कारखान्यात होता. म्हातारीचा श्वास एकदम मंद झाला. आशाबाई ओरडली. भाऊकीतले नानासाहेब, मनकर्णाबाईचे चुलत दीर, धावत आले. त्यांनी नाडी बघितली, मान हलवली.

"खाली घ्या वहिनीला. बाजंवर जीव गेला तर सुटका नाय. आन बाज बी टाकून द्यावी लागती."

सगळ्यांचे हात एकदम लागले. तिला भुईवर घोंगडीवर ठेवलं. मला भिंतीला उभी केली. नानासाहेबांनी तोंडात गंगेचं पाणी सोडलं.

म्हातारी खोकली. डोळे उघडले.

"लई गार हाय रं पाणी. कोमट तरी करायचं."

आशाबाई रडता रडता हसली. "मामा, धरा. वर घेऊ त्यांना."

नानासाहेब मागं सरकले. "नाय. एकदा खाली घेतलेल्या माणसाला परत वर घेत नसत्यात. घराला बाधतं. दुसरं कोन जातं."

आशाबाईनं ऐकलं नाही. तिनं मला आडवी केली, गोधडी अंथरली आणि नवऱ्याची वाट बघत बसली. दिवस मावळता सांडू आला. ती एवढंच म्हणाली, "उचला तुमच्या आईला. भुई गार हाय." सांडू वाकला. आईच्या मानेखाली हात घातला. मी माझे सगळे दोर ताणून धरले.

"थांब रं," मनकर्णाबाई म्हणाली. "नाना मगाशी काय म्हणला? बाजंवर जीव गेला तर बाज टाकून द्यावी लागती?"

आशाबाईनं माझ्यावरची गोधडी सारखी केली.

"मग ऱ्हाऊ दे मला हितंच. सुरेखा आज-उद्या मोकळी व्हईल. पोर कशावर निजंल?"

"आई, दुसरी आणू की."

"दुसरी आणशील. तू जिच्यावर झालास ती कुठून आणशील?"

सांडूनं हात काढून घेतला. त्या घरात तिचा शब्द कधी कुणी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडायला हवा होता.

खाली पोती घातली, वर गोधड्या घातल्या. पण पौषातली भुई ती, खालून गारवा यायचाच. खोकला छातीत बसला. आशाबाई रोज विनवायची आणि ती रोज मान हलवायची. एका पहाटे आशाबाई उठवायला गेली, तर हात गार लागला.

सुतकातच सुरेखाच्या पोटात दुखायला लागलं. क्रांती चौकाकडच्या दवाखान्यात नेली, पोट कापून मुलगी झाली. टाक्यांमुळं तिला माझ्या झोळात उठता-बसता येईना. सांडूनं लाकडी दिवाण आणला. सुरेखा त्याच्यावर निजली. माझ्याखाली शेगडी पेटलीच नाही.

आता माझ्यावर कुरडया वाळतात, मिरच्या वाळतात. मधले दोर तुटलेत. मध्यंतरी नानासाहेब आले होते. माझ्या खुराला हात लावला, लोंबता दोर आत खोचला. मग म्हणाले, "सांडू, घाई झाली रं माझी."

सांडू म्हणाला, "च्या घ्या, नाना."

मी कुणाला दोष देत नाही. तुमची रीत मोडा असंही सांगत नाही, बाजेनं माणसाला काय शिकवावं? एवढंच मागते. घरात कुणाचा श्वास मंद झाला तर आधी त्याला नावानं हाक मारा. थोडं थांबा, परत मारा. मग हवं तर खाली घ्या. आणि त्यानं डोळे उघडले, तर तो नको म्हणाला तरी उचलून वर ठेवा. जन्मभर दुसऱ्याला जागा देणारं माणूस तेव्हाही नकोच म्हणणार.

ती गेली तेव्हा मी हातभर अंतरावर होते, आणि माझ्यावर कुणीच नव्हतं.