दोषीच्या रकान्यात काशीराम

नोटीस आली की बाबा ती माझ्याच हातात देतात. दहावीत गेल्यापासून घरातलं इंग्रजी माझ्याकडे आहे, आणि मी साहेबलोकांना घाबरत नाही.

ही मात्र मी तीनदा वाचली. अंधेरीच्या फॅक्टरीत पत्रा दाबणारा प्रेस वेळेआधी खाली आला, भाऊराव यांची दोन बोटं गेली, दोषी : काशीराम. चौकशीला हजर राहावे.

काशीराम म्हणजे माझे बाबा. आणि बाबांना तर त्या फॅक्टरीने गणपतीतच घरी बसवलं होतं, कंप्युटरवर चालणारा प्रेस आला म्हणून. आईची पोळी तव्यावर करपली.

चौकशीला मीही गेले. बाबांचे फॅक्टरीतले जोडीदार भाऊरावकाका हाताला पट्टी बांधून बाकावर बसले होते. बाबांना बघून कानकोंडे झाले. "काश्या, तुझं नाव मीच लिहिलं रे त्याच्यावर."

मग कळलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा काकांनी नव्या प्रेसवर लाल रंगात 'काशीराम' लिहिलं. बाबांच्या जागी आला ना तो! तेव्हापासून सगळे म्हणायचे, काशीराम अडला, काशीरामला तेल पाज. क्लार्कनेही अपघाताच्या कागदात तेच नाव उतरवलं, आणि नोटीस जुन्या रजिस्टरातल्या काशीरामच्या पत्त्यावर आली. बाबा चक्क हसले. मला हसू येईना.

फॅक्टरी इन्स्पेक्टरना मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी बाबांचं नाव खोडलं. झकास, म्हटलं, सुटलो.

"मग दोषी कोण?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

प्रेस कधी खाली आणायचा ते कंप्युटर ठरवतो, मॅनेजर शांतपणे म्हणाला. माणसाची चूकच नाही. "लिहा, कोणीही नाही."

दोन बोटं गेली, आणि कोणीही नाही? इन्स्पेक्टर कायद्याचं पुस्तक चाळू लागले. स्वतः ठरवणारं यंत्र कायद्यात कुठे बसवायचं, ते त्यांनाही सुचेना.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. "साहेब, कोणीच नसेल तर भाऊरावला भरपाई कोण देणार? त्यापेक्षा माझं नाव राहू द्या."

मी त्यांची बाही ओढली. वाट लागेल तुमची, मी पुटपुटले. ते बसेनात.

इन्स्पेक्टर मॅनेजरकडे वळले. त्यांनी विचारलं, हा कंप्युटर इथे बसवला कोणी? कंपनीने. आणि कंपनीतर्फे सही कोण करतं?

"मी," मॅनेजर म्हणाला.

इन्स्पेक्टरनी पेनाचं टोपण काढलं.

"पूर्ण नाव सांगा."