मॅनेजरीणबाईंना ‘तुम्ही’

सिग्रिडचा आज पंचाण्णवावा वाढदिवस होता आणि त्यासाठी गुनवोरने केस सेट करून घेतले होते. प्रेमापोटी नव्हे. उट्टं काढायला जाताना माणसाने नीटनेटकं असावं, असं तिचं मत होतं.

दोघी एकाच वृद्धाश्रमात राहत होत्या. पूर्वी सिग्रिडचा नवरा गावच्या कागद गिरणीत मॅनेजर, म्हणून ती मॅनेजरीणबाई. गुनवोर तिच्या घरची मोलकरीण. त्या काळी स्वीडनमध्ये मोठ्यांना ‘तू’ तर सोडाच, ‘तुम्ही’सुद्धा म्हणायची सोय नव्हती. ‘तुम्ही’ म्हणायचं ते हुद्दा नसलेल्याला, गाडीवानाला, धोबिणीला. बाईंशी बोलायचं ते बाई जणू समोर नाहीतच असं: “मॅनेजरीणबाईंना कॉफी हवी का?”

गुनवोर कोवळी पोर असताना एकदा चुकली. रिवाजाप्रमाणे सात प्रकारची बिस्किटं मांडलेली, हुद्देवाल्यांच्या बायका जमलेल्या, आणि घाईत तिच्या तोंडून निघून गेलं, “तुम्हाला साखर?”

सिग्रिडने कप खाली ठेवला. “दारात उभी राहा आणि बरोबर म्हण. हं, पुन्हा म्हण.” कॉफी गार होईपर्यंत तिने म्हणायला लावलं. बायका हसल्या, ते एक वेळ चाललं असतं. पण मदतीला आलेली गुनवोरची आईही हसली, कारण न हसून तिला परवडणार नव्हतं. ते गुनवोरच्या जिव्हारी लागलं, आणि सिग्रिडला तिने कधी माफ केलं नाही.

मग दिवस असे पालटले की सगळा देश एकमेकांना अरे-तुरे करू लागला. डॉक्टरला तू, मंत्र्यालाही तू. गिरणी बंद पडली, तिथे व्यायामशाळा आली. आश्रमात पाऊल ठेवल्या ठेवल्या गुनवोरने ठसक्यात विचारलं होतं, “काय गं, तू इथे कधी आलीस?”

“अगं, तू आमच्याकडे होतीस ना?” सिग्रिड गोड हसली. “किती मजेचे दिवस होते ते.”

मजेचे म्हणे. जिला फरशी पुसणाराही तू म्हणतो, तिला आणखी एका ‘तू’ने काय होणार? गुनवोर कितीतरी दिवस आतल्या आत धुमसत राहिली. मग तिला जुना शब्द आठवला.

वाढदिवसाच्या टेबलाभोवती सिग्रिडची नातवंडं बसली होती. गुनवोर कॉफीचं भांडं घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुम्हाला आणखी कॉफी?”

सिग्रिडचा काटा केकपाशीच थांबला. “काय म्हणालीस?”

“तुम्हाला कॉफी हवी का, म्हटलं.”

“किती गोड बोलतेस गं तू, गुनवोर,” नात तूवा म्हणाली. “हल्ली हॉटेलातली वाढपी मुलंही असंच ‘तुम्ही’ म्हणतात. मान दिल्यासारखं वाटतं. आजी, तुम्ही केक का नाही खात?”

“तुम्ही एक घास तरी घ्या, आजीबाई,” नातू विग्गोने री ओढली.

“मला तुम्ही म्हणू नका,” सिग्रिड म्हणाली.

“अगं, मान देतोय तुला. घे की,” विग्गो म्हणाला.

त्या शब्दाचा जुना अर्थ कळणाऱ्या खोलीत दोघीच होत्या. सिग्रिडने गुनवोरचा हात धरला आणि हळूच म्हणाली, “तू म्हण ना मला. सांग ना यांना.”

गुनवोरने हात सोडवून घेतला. “वाढदिवस आहे ना तुमचा? आजपासून सगळ्यांनी तुम्हाला तुम्हीच म्हणायचं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिग्रिडच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आजी भारावली म्हणून विग्गोने फोटो काढला. गुनवोरला फार बरं वाटलं. दया येईल अशी थोडी धास्ती होती, पण ती काही आली नाही.

नातवंडांना ती गंमत आवडली, फोनवरही सगळी आजीशी तसंच बोलू लागली. मग आश्रमातल्या बायकांनीही तेच उचललं. सिग्रिड जेवायला बाहेर यायची बंद झाली.

आता रोज सकाळी गुनवोर तिच्या दारावर टकटक करते. “तुम्ही आत आहात का?”

पहिले काही दिवस आतून काहीच आवाज आला नाही. काल मात्र बारीक आवाजात उत्तर आलं, “आहे.”