टेपचा पहिला सेंटिमीटर

कुशनवालीच्या दुकानात टेप वाचायचा एक नियम होता. दिसेल त्या आकड्यातून एक वजा करायचा. आठ वर्षांपूर्वी टेपच्या टोकाची पत्री निखळली, पाठोपाठ पहिल्या सेंटिमीटरच्या चिंध्या झाल्या, तेव्हा तिने तो एकच्या रेघेवर कात्रीने कापून टाकला. नवी टेप आणण्याऐवजी तिने हाताला वजाबाकी शिकवली, आणि ती हातात इतकी मुरली की डोक्याला खबरही लागत नसे. सोफे, बसची आसनं, न्हाव्याची खुर्ची, तिचं माप चुकलं असं कुणी म्हणायला आलं नव्हतं.

अकरा वर्षांपासून त्या यादीत नणंदेची पॅडही होती.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. वय अठ्ठेचाळीस, सकाळची पहिली बस चालवायची आणि बस डेपोच्या बायकांच्या आइस हॉकी संघाची गोलरक्षक. या रविवारचा अंतिम सामना तिचा शेवटचा होता. निवृत्तीचा अर्ज गुडघ्याने आधीच देऊन ठेवला होता, तिने फक्त तारीख घातली.

कुशनवालीने पहिल्यांदा तो गोल पाहिला तेव्हा तिला बैठक काढून नेलेला सोफाच आठवला. लाल नळ्यांची चौकट, मागे जाळी, एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटर रुंद, एकशे बावीस उंच.

"वन्सं, तुम्ही एवढा सरंजाम घालून यात उभ्या राहिलात की मोकळं उरतं काय?"

"उरतं ते सगळं मला दिसतं. समोरचीला दिसू नये, एवढंच माझं काम."

मग वन्संनी तिला स्वयंपाकघराच्या टेबलावर बशी ठेवून नियम समजावले. ही रबराची चकती. अख्खी रेघेपलीकडे गेली तर गोल. कडा रेघेवर टेकलेली असेल तर नाही. माझ्या अंगाला लागून आत गेली तरी गोलच. पण गोलपुढच्या निळ्या अर्धगोलात मला ढकलून ती आत घातली, तर नाही. डाव्या हातात टोपलीसारखा पंजा, तो झेलायला. उजव्या हातावर फळी आणि रुंद काठी, ती अडवायला. डोक्याला मुखवटा, छातीला कवच आणि पायांना पॅड. पॅडची रुंदी जास्तीत जास्त अठ्ठावीस सेंटिमीटर.

"अठ्ठावीसच का?"

"कुठेतरी थांबायला हवं ना. नाहीतर मी पायाला गादी बांधीन आणि तिथेच चहा पीत बसेन."

यंदा पॅडमधला फोम बसला होता. उजवं पॅड कुशनवालीने शनिवारी उसवलं, नवा फोम भरला, कड शिवली. टेपवर एकोणतीस, म्हणजे अठ्ठावीस. सवय व्हावी म्हणून वन्सं ते तेव्हाच घेऊन गेल्या. डावं सोमवारी झालं. तेही टेपवर एकोणतीस. मंगळवारी वन्सं ते न्यायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जरा भरलेलं वाटतंय." नवा फोम आहे, बसेल, असं तिने सांगितलं.

सामना दुपारी तीनचा. कुशनवाली नवऱ्यासोबत आत शिरत होती तेव्हा प्रतिस्पर्ध्यांची कर्णधार तिला दारातच भेटली. ती दातांची डॉक्टर. तिचा संघही दवाखान्यांतल्या बायकांचाच.

"बरं झालं भेटलात. आधीच्या आठवड्यात माप नेऊन बुधवारी तुम्ही माझ्या खुर्चीचं कव्हर दिलंत ना, ते सैल आहे हो. पेशंट आधीच घाबरलेला, त्यात खालून सरकतो. तोंड एकीकडे, मी दुसरीकडे."

"सैल? किती?"

"बोटभर."

"असं व्हायचं नाही."

"तुमचं माप चुकत नाही, हे ऐकूनच तर आले होते," डॉक्टर म्हणाली आणि बुटांच्या पात्यांवर खटखटत निघून गेली.

ही डॉक्टर मोजमापाची पक्की होती. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे समोरच्या संघाचं सामान बेकायदा वाटलं तर कर्णधार पंचाला मोजायला सांगू शकते. माप जास्त निघालं, तर त्यांची एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर, आणि सामान दुरुस्त होईपर्यंत गोलरक्षकाला बर्फावर पाय ठेवता येत नाही. माप बरोबर निघालं, तर मागणारीच दोन मिनिटं बाहेर. त्यामुळे सहसा कुणी या भानगडीत पडत नसे. डॉक्टरने गेल्या वर्षी एक काठी मोजायला लावली होती आणि ती खरोखर लांब निघाली होती.

पहिल्या वीस मिनिटांच्या डावात कुशनवालीचं लक्ष धड सामन्यात नव्हतं. बोटभर कसं? गुरुवारी न्हावीही म्हणाला होता की बैठक सुरकुततेय. तेव्हा तिने त्याच्याच खुर्चीला नावं ठेवली होती. सतराव्या मिनिटाला डॉक्टरने जोरात मारलेली चकती खांबाजवळून आत शिरणार, तेवढ्यात वन्संच्या डाव्या पॅडच्या कडेला लागून बाहेर उडाली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. शून्य-शून्यवर डाव संपला.

नवऱ्याने थर्मासमधला चहा ओतला. "कसला एवढा विचार?"

"बुधवारचं माप चुकलं म्हणे. गुरुवारचंही. अहो, माझा हात कधी चुकलाय?"

नवरा गालातल्या गालात हसला. "म्हणजे अजून लक्षात आलंच नाही तुझ्या? मी म्हटलं, बघू किती दिवस लागतात. सहा दिवस झाले. आशाच सोडली होती."

"काय लक्षात यायचं?"

"टेप. सोमवारी तू दुकान उघडायच्या आधी नवी आणून टांगली. तोच पिवळा रंग, तोच खिळा. जुनी फेकून दिली. किती वर्षं त्या थोट्या टेपवर..." त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि वाक्य तिथेच सोडलं.

कुशनवालीने पेला खाली ठेवला. शनिवारी जुनी टेप, सोमवारी नवी. नव्या टेपला वजाबाकी लागत नाही.

"अहो, वन्संचं डावं पॅड एकोणतीस आहे."

"ताईला सांगू नकोस," नवरा म्हणाला.

"तुमचं नाव नाही घेणार," असं म्हणून ती पिशवी घेऊन उठली. सामन्यात पट्टे तुटतात, म्हणून दाभण, मेणदोरा आणि कात्री पिशवीत असायचीच. नवी टेपही होती.

कपडे बदलायच्या खोलीत वन्सं मुखवटा काढून, पाय पसरून बसल्या होत्या.

"वन्सं, डावं पॅड एका सेंटिमीटरने जास्त आहे. चूक माझी."

वन्संनी पॅडकडे पाहिलं. "तरीच. ती सतराव्या मिनिटाची चकती माझ्या आवाक्यातली नव्हती." त्या उठल्या.

"कुठे निघालात?" बाजूला बसलेल्या कंडक्टरीणबाईंनी विचारलं.

"पंचांना सांगायला."

"कशाला? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं की. आणखी किती जणांना कळायला हवं?"

पंच एरवी ग्रंथपाल होते आणि बोलायचेही हळू. त्यांनी ऐकून घेतलं आणि घड्याळ पाहिलं. "कुणी मोजायला सांगितलेलं नाही. झालेला खेळ झाला. पण अकरा मिनिटांनी तुम्ही बर्फावर याल तेव्हा पॅड नियमात हवं. नसेल तर दुसरी गोलरक्षक द्या."

दुसरी गोलरक्षक गेल्याच महिन्यात बदली होऊन दुसऱ्या डेपोत गेली होती. वन्संनी एकेकीकडे नजर फिरवली आणि ती कंडक्टरीणबाईंवर येऊन थांबली. त्या सगळ्यांत रुंद होत्या.

"वहिनी," कंडक्टरीणबाई घाईघाईने कुशनवालीला म्हणाल्या, "तुम्ही उसवा. दोरा मी ओवते."

गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची बाहेरची शिवण कुशनवालीने कात्रीच्या टोकाने सोडवली. फोमची एक पट्टी कापून काढली. चामडं आत दुमडलं आणि दाभण घातलं. कंडक्टरीणबाई मेणदोरा ओवून हातात देत होत्या, आणि वन्सं जमिनीवर बसून पॅड दोन्ही हातांनी दाबून धरत होत्या. टाके दिसायला ओबडधोबड पडले. एरवी असे टाके तिने गिऱ्हाइकाला दाखवले नसते. शेवटची गाठ मारून तिने टेप लावली, आकडा पाहिला, "झालं," म्हणाली, आणि भोंगा वाजला.

जागेवर येऊन बसल्यावर मात्र तिला शंका आली. टेपवर अठ्ठावीस दिसलं होतं, की एकोणतीस दिसलं आणि हाताने सवयीने एक वजा केला? तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. दोन्ही आकडे सारखेच खरे वाटत होते.

"झालं ना बरोबर?" नवऱ्याने विचारलं.

"चहा प्या तुम्ही."

दुसऱ्या डावात डेपोने एक गोल केला. कुशनवालीला गोल दिसला नाही, ती डावं पॅड बघत होती. तिसऱ्या डावाची सात मिनिटं झाली आणि डॉक्टर घसरत पंचांकडे गेली. काठी वन्संच्या पायांकडे दाखवून काहीतरी बोलली.

"आता काय?" नवरा म्हणाला.

"तिला खुर्ची आठवली," कुशनवाली म्हणाली. खुर्चीचं कव्हर ज्या हाताने शिवलं, पॅडही त्याच हाताने शिवलंय, हे ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

पंचांनी लोखंडी चौकट मागवली. आतून बरोबर अठ्ठावीस. त्यातून पॅड गेलं तर नियमात, अडकलं तर नाही. वन्सं बर्फावर बसल्या आणि पाय पुढे केले. त्यांनी वर प्रेक्षकांत पाहिलं नाही, त्याबद्दल कुशनवालीने मनात आभार मानले.

उजव्या पॅडवरून चौकट घासत घासत गेली. अगदी अठ्ठावीस. पंचांनी ती डाव्या पॅडवर ठेवली. तिथे ती सरळ खाली घसरली आणि घोट्याशी खडखडली. पंचांनी फटीत बोट घालून पाहिलं. बोट गेलं.

म्हणजे सत्तावीस. टेपवर तेव्हा ना अठ्ठावीस होतं ना एकोणतीस; घाईत पट्टी कापतानाच हाताने आणखी एक वजा केला होता. एक सेंटिमीटर खरा आणि एक सवयीचा.

"आता बोटभर सैल पडलं," नवरा म्हणाला.

"तुम्ही बोलूच नका," ती म्हणाली, पण तिला हसू आवरलं नाही.

नियमाप्रमाणे डॉक्टर स्वतः दोन मिनिटं काचेच्या कोंडवाड्यात जाऊन बसली. तिथे तिने शांतपणे बुटांच्या दोऱ्या नीट बांधल्या. गोलरक्षक सोडून तिच्या संघाच्या पाचातल्या चारच जणी उरल्या आणि डेपोने दुसरा गोल केला. तो मात्र कुशनवालीने डोळे भरून पाहिला.

चार मिनिटं उरली असताना डॉक्टरनेच परतफेड केली. पुन्हा तीच जागा, तोच खांब. वन्संचं डावं पॅड खांबाला टेकता टेकता राहिलं आणि उरलेल्या फटीतून चकती आडवी घसरत रेघेपलीकडे गेली. गोलमागचा लाल दिवा लागला. दोन-एक. शेवटच्या मिनिटात डॉक्टरच्या संघाने आपली गोलरक्षक काढून जास्तीची खेळाडू आणली. डेपोच्या गोलपुढे पायांचं जंगल उभं राहिलं. वन्सं आडव्या झाल्या, डाव्या पॅडने खालची बाजू बंद केली, चकती पंज्याखाली दाबली आणि भोंगा वाजेपर्यंत उठल्याच नाहीत.

सामन्यानंतर कुशनवाली खोलीत गेली तेव्हा वन्सं गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून बसल्या होत्या. चेहरा निवांत होता.

"वन्सं, तो गोल माझ्यामुळे गेला. एक सेंटिमीटर असता तर..."

"पॅडचं नाव घेऊ नकोस. गुडघा उशिरा पोचला. शेवटच्या सामन्यात गेलेला गोल तरी माझा म्हणू दे." मग थांबून म्हणाल्या, "पण माप चुकलं कसं गं तुझं?"

कुशनवालीने दाराकडे पाहिलं. नवरा आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने थर्मासचं झाकण लावत होता.

"चुकलं खरं."

"अरे, तुला काही माहीत आहे का?" वन्संनी भावाला विचारलं.

"टेप नवी होती, ताई," तो म्हणाला. वन्सं इतक्या हसल्या की बर्फाची पिशवी सुटून खाली पडली.

डॉक्टर हस्तांदोलनाला आत आली. वन्संच्या पाठीवर थाप मारून कुशनवालीकडे वळली. "दोन मिनिटं बसवलंत मला. आता माझ्या कव्हरचं काय?"

"उद्या सकाळी घेऊन या. एक सेंटिमीटर आत घेते."

"एकच घ्या," डॉक्टर म्हणाली.

सोमवारी दुकान उघडल्यावर तिने आधी खिळ्यावरची नवी टेप काढली. पिवळी, करकरीत, पत्रीसकट. तिने ती टेबलावर सरळ केली, एकच्या रेघेवर कात्री लावली आणि पहिला सेंटिमीटर कापून टाकला. नवरा कामावर निघता निघता दारात थांबून बघत होता.

"चांगली टेप होती गं."

"आता झाली," ती म्हणाली, आणि डॉक्टरचं कव्हर मोजायला घेतलं.