खिडकीतली टोपी

"जावई समोरून आला तर वाट तू सोड. तो सोडेल म्हणून थांबू नकोस." आईनं लहानपणी बजावलेलं. त्यांच्यात सासू-जावयानं एका खोलीत बसायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही, नावही घ्यायचं नाही. मर्नाची साठी उलटली, पण तिनं ते कधी मोडलं नव्हतं.

बुधवारी इस्पितळाच्या अंगणात ती येरझाऱ्या घालत होती. पाय सुजलेले, दम लागलेला, तरी एका जागी बसवेना. डायलिसिसच्या खोलीच्या खिडकीत जावयाची टोपी दिसत होती, म्हणजे तो आत होता. दोघं एकाच वाळवंटातल्या गावचे, म्हणून नर्सबाईंनी मायेनं एकाच पाळीत घातलेले. सोमवारीही ती अशीच माघारी फिरली. खरं कारण सांगायचं तर त्याचं नाव काढावं लागणार, म्हणून पाय दुखतो म्हणाली. कागदावर 'उपचार नाकारले' असं चढलं. आज पुन्हा चढलं, तर पुढच्या आठवड्यात डायलिसिसचं मशीन घेऊन गावाकडे जाणाऱ्या ट्रकमधली तिची जागा जाणार होती. आणि थंडीच्या आत येते, असं आंधळ्या बहिणीला तिनं कबूल केलं होतं.

तिची भाची एलरीन बाहेर आली. स्वतःचं मूत्रपिंड बदलून झाल्यापासून ती इथंच रुग्णांच्या मदतीला असे.

"आत्या, फुगून बेडूक झालीस. अजून किती चालणारेस?"

मर्नानं नुसती ओठांनीच खिडकीकडे खूण केली. एलरीननं टोपी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"सोमवारी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटते गं."

एलरीन आत गेली, ती लवकर येईना. मर्ना पुन्हा चालू लागली. अंगाला खाज सुटली होती, घशात पाणी चढल्यासारखं वाटत होतं. शेवटी एलरीन आली आणि आत काय ठरलं ते सांगू लागली. नर्सबाई मधे पडदा लावू म्हणत होत्या. आवाज तर कानावर पडणारच, हे तिनं त्यांना समजावलं. एका म्हाताऱ्यानं कुरकुरत सकाळची पाळी सोडली होती; शुक्रवारपासून ती मर्नाची. आज मात्र जावयाचं उरकल्यावर, तीन वाजता.

"आणि ऐक, ती टोपी त्यानं मुद्दाम ठेवलीय. तू चुकून आत येऊ नयेस म्हणून. सोमवारपासून."

मर्ना मातीकडे बघत राहिली.

"पुरे पाच तास बसशील? मधेच उठायचं नाही."

"बसेन."

तीनला थोडा अवकाश होता. तिची नजर काचेवरून हलेना. मग आतून एका हातानं टोपी उचलली. तो आता पुढच्या दारानं निघेल. मर्ना वळली आणि स्वयंपाकघरामागच्या लांबच्या वाटेनं, सुजली पावलं ओढत, मागच्या दाराकडे निघाली.