नमुना अडतीस, ग्लाशाच्या बरणीत

आर्द्रता ९४ टक्के

पेत्रोपावलोव्स्कमध्ये ऑगस्ट म्हणजे धुकं. ते खिडकीला चिकटलं होतं, तेव्हा ज्वालामुखी संस्थेतून ताइसिया आली. खनिजतज्ज्ञ, चाळिशीची. हातात माझ्या नवऱ्याची जुनी वही.

"ग्लाफिरा निकोनोव्ना, इथे लिहिलंय, नमुना अडतीस, ग्लाशाच्या बरणीत. ग्लाशा म्हणजे तुम्हीच ना?"

"नाही, शेजारीण. अगं, मीच!"

बरणी मुरंब्यांच्या मागे होती. पत्र्याचं झाकण मीच, बरण्या हवाबंद करायच्या किल्लीने वळवून बसवलेलं, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी. आत राखाडी दगड आणि त्यावर निळ्या काट्यांची साय.

ताइसिया खुर्चीवर चढूनच बघत राहिली. "आजच नेते. काचेची बंद पेटी आहे आमच्याकडे, आत कोरडा नायट्रोजन. तिथे उघडू."

"आणि बरणीतली हवा?"

"ती पंप ओढून घेतो. हवेचं काय करायचंय?"

मी बरणी परत मुरंब्यांच्या मागे सारली.

"फेब्रुवारीत ये. रेडिएटर तापलेले असतात, धुणं तासात वाळतं. इथे उघडू, माझ्या स्वयंपाकघरात."

"हे काय विज्ञान झालं?"

"मी कुठे विज्ञान म्हटलं? मला त्या दिवसाचा वास घ्यायचाय."

४१० अंश

भेगेच्या तोंडाशी एवढं तापमान होतं. तोलबाचिक ज्वालामुखीचा उद्रेक थांबून दुसरा उन्हाळा. मी तळावर स्वयंपाकाला. सावेलीशी अजून लग्न व्हायचं होतं. बुटांचे तळवे मऊ पडत. भेगेतून वायू निघे, काठावर स्फटिक धरत. सावेली ते खरवडून कापसात ठेवी, कापूस काडेपेटीत. सदतीस काडेपेट्या झाल्या.

मी बेरी भरायच्या बरण्यांतली एक घेऊन वर गेले.

"एक तुकडा मला दे. इथेच, गरम असतानाच झाकण वळवते."

"दगडाचं लोणचं घालतेस?"

"तुझ्या काडेपेटीपेक्षा टिकेल."

त्याने तुकडा बरणीत ठेवला. ओठांत सिगारेट तशीच. धूरही आत गेला. मी झाकण दाबलं.

आर्द्रता १०० टक्के

चार दिवस धुक्यातून उतरलो. शहरात पहिली काडेपेटी उघडली: कापसावर ओला हिरवा डाग. दुसरीत डाग. सदतीसच्या सदतीस पेट्यांत डाग. पुढच्या वर्षी तो परत वर गेला, तर भेग थंड पडलेली.

"हे खनिज कुणाच्याच यादीत नाही, ग्लाशा," तो म्हणायचा. मग बरणी उचलून उजेडात धरायचा.

"मग उघड की."

"एकदाच उघडता येईल. हात चुकला तर पाणी. पुढच्या हिवाळ्यात बघू."

असे पुष्कळ पुढचे हिवाळे. सात वर्षांपूर्वी ते संपले.

आर्द्रता ११ टक्के

ताइसियाने टेबलावर मापक ठेवलं आणि आकडा बघून माझ्याकडे बघितलं.

"कमाल आहे. चहा मिळेल?"

"वाफ होते. सकाळपासून केटली लावलेली नाही. तूच ओरडली असतीस."

तिने डबा उघडायची सुरी झाकणात रोवली.

फुस्स.

गरम असताना बंद केलेली बरणी. थंड होताना आत पोकळी झालेली. बरणीने माझ्या स्वयंपाकघराची हवा ओढून घेतली. आयुष्यभर मुरंबे घातले मी, आणि हे सुचलं नव्हतं. मी खाली बसले.

"इथलं आत गेलं. आतलं बाहेर आलंच नाही."

ताइसियाने सुरी बाजूला टाकली. मग बरणी माझ्यापुढे धरली. "थोडं उरलं असेल. लवकर! पण श्वास बाहेर सोडू नका, त्यात पाणी असतं. फक्त आत घ्या."

मी वाकले. आत घेतला. बडीशेपेचा पाला, माझ्याच स्वयंपाकघरातला. मग गंधक. मग अगदी मागून, दाराआड कुणी उभं असावं तशी, सिगारेट.

मान फिरवली. ओठ मिटून उठले आणि बोळकांडीत गेले, त्याचा कोट अजून लटकतो तिथपर्यंत.

"निळंच आहे! कोरडं आहे!" मागून ताइसिया ओरडत होती. "ग्लाफिरा निकोनोव्ना, ऐकताय ना?"

ऐकत होते. उत्तर द्यायला श्वास सोडावा लागला असता.